एक्केचाळीस नंबरचं पाकीट

सप्टेंबर ४, बुधवार

नोकरी सुटून चार वर्षं झाली, पण रोजचं रोज लिहायची खोड काही सुटत नाही. वसतिगृहाच्या नोंदवहीत लिहीत असे: ताप किती जणांना, कुणाच्या डोक्यात उवा, कुणाची चादर ओली. आता स्वतःचं लिहायचं तर लिहिण्याजोगं काही घडत नाही, म्हणून ही वही उन्हाळ्यापासून कोरीच पडली होती.

आज घडलं. शाळेचे नवे सर घरी आले. नवे म्हणजे मुख्याध्यापक होऊन त्यांना सहा वर्षं झालीत, पण आमच्याकडे आधीचा माणूस वारल्याशिवाय कुणी जुना होत नाही. म्हणाले, "बाई, आपली बरीच माजी मुलं परदेशात एकाच शहरात आहेत. तिकडून काही पालक आपली लहान मुलंही आपल्याकडे धाडतात. सगळ्यांना भेटून येऊ. तुम्ही यायलाच हवं."

"मी कशाला? मुख्याध्यापक तुम्ही."

"मुख्याध्यापक कुणाला आठवतो हो? बाई आठवतात."

खरंच आहे. तेहतीस वर्षं लहान मुलांच्या वसतिगृहाची मी बाई होते. त्यांना उठवलं मी, झोपवलं मी, नखं कापली मी. तरी गुडघ्याची सबब सांगितली. मग त्यांनी शहराचं नाव घेतलं आणि गुडघा जागच्या जागी बरा झाला. माझी लेक त्याच शहरात राहते. सहा वर्षं झाली तिला बघून. नात आठ वर्षांची असेल आता. मी पाहिली तेव्हा दोनाची होती आणि माझा चष्मा ओढत होती.

लेकीला लगेच कळवलं. दौरा संपल्यावर चार दिवस हातात आहेत, तुझ्याकडेच राहीन म्हणते.


सप्टेंबर ८, रविवार

उत्तर आलं. रविवारीच येणार हे माहीत होतं. माझी लेक दर रविवारी सकाळी न चुकता मेसेज करते, वीस वर्षं झाली, आधी पत्र असायचं. आजचा इथे उतरवून ठेवते. "इकडे सर्व ठीक. तब्येत चांगली आहे. काम चांगलं चाललं आहे. काळजी नसावी. तुमच्या येण्याचं कळलं. आमची जागा लहान आहे, तुम्हाला अवघड होईल. सरांबरोबर उतरणं बरं पडेल."

जागा लहान! अगं, तेहतीस वर्षं मी सहा बाय तीनच्या खाटेवर काढली. पण म्हातारपणी माझी गैरसोय नको म्हणून पोर विचार करते. शेजारणीची मुलं बघा, महिना महिना फोन नाही. वळण लागलं की लागलं.

रविवारच्या पत्राचा नियम मीच घातला होता. नाश्ता झाला की सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं. आधी कच्चं, ते माझ्याकडे आणायचं. मी लाल पेनानं दुरुस्त करायचं, मग पक्कं लिहून पाकिटात. घरच्यांना काळजी लागेल असं काही त्यात नको. पोराला आज रडू आलं म्हणून ते लिहितं, पत्र पोचतं आठ दिवसांनी, तोवर पोर खेळायला लागलेलं असतं आणि तिकडे आई रडत बसते. याला काही अर्थ आहे? नियम चांगलाच होता. अजून चालू आहे.


सप्टेंबर २१, शनिवार

माळ्यावरची ट्रंक काढली. माजी विद्यार्थ्यांना काय न्यायचं यावर सरांचं आणि माझं वाजलं. ते म्हणतात शाळेचा फोटो. म्हटलं, फोटो फोनमध्ये हजार सापडतात. मी त्यांना देणार त्यांची कच्ची पत्रं. मी कधी फेकली नाहीत. ज्याच्या कपड्यावर जो नंबर शिवलेला, त्या नंबरचं पाकीट. बारा नंबरचा ढापण्या, तेव्हापासून जाड भिंगांचा, आता तिकडे चष्म्याचंच दुकान चालवतो. मेळावा तोच भरवतोय. सत्तावीस जण यायचेत, सत्तावीस पाकिटं निघाली. वाचली नाहीत, वेळ कुठे होता? आपलं लहानपणचं अक्षर बघून हसून हसून मुरकुंडी वळेल सगळ्यांची.

एक्केचाळीस नंबरचं पाकीटही होतं, सुतळीनं बांधलेलं. ते लेकीचं. ते तिच्या हातात वेगळं देईन.

नवरा गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. शाळेनं नोकरी दिली, राहायला खोली दिली आणि लेकीला वर्गात घेतलं. ती इतर मुलांसारखीच मोठ्या खोलीत झोपायची, नंबर लावायची, रांगेत उभी राहायची. फाटकाच्या आत मला 'बाई' म्हणायची, तोही नियम. आता माझी खोलीही फाटकाच्या आतच होती, म्हणून ती 'बाई'च म्हणत राहिली. आजही म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही. सवय आहे.


सप्टेंबर २९, रविवार

पोचलो. ढापण्या न्यायला आला होता. पोट सुटलंय, केस गेलेत, भिंगं तेवढी तीच. मला बघून दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. मी म्हटलं, "काय रे, हात कशाला?" म्हणाला, "नखं बघायचीत ना बाई?" इतकी हसले की सरांनी वळून पाहिलं.

गाडीत मी विचारलं, "लेकीला भेटतोस की नाही माझ्या? तुमचा वर्ग एकच."

"भेटते ना बाई. माझी बायको जाते अधूनमधून तिच्याकडे. तिचं ते सगळं झाल्यापासून ती फारशी कुठे..." मग त्याला एकदम सिग्नल दिसला.

"कुठलं सगळं?"

"कामाचं हो बाई. काम फार असतं तिला."

म्हणजे बढती मिळालेली दिसते. सांगितलं नाही पोरीनं. फुशारकी मारायची नाही, हेही मीच शिकवलं.

हॉटेलची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात, बाकी काही नाही. मेसेज आला. "इकडे सर्व ठीक. तब्येत चांगली आहे. काम चांगलं चाललं आहे. काळजी नसावी. शनिवारी यायचा प्रयत्न करते." तिचं घर इथून बसनं चाळीस मिनिटं. एवढ्याजवळून 'इकडे' लिहिलेलं वाचून जरा गंमत वाटली.


सप्टेंबर ३०, सोमवार

आज सरांबरोबर एका पालकांकडे गेलो. आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत दोन मशिनं, मागच्या खोलीत संसार. नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे गेल्या वर्षापासून. बाप जहाजावर असतो, हिला एकटीला जमेना, म्हणून धाडली. बाईनं फ्रिजच्या दारावर लेकीची सगळी पत्रं लावलीत. मला एकेक दाखवत होती. "मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. जेवण छान असतं. काळजी करू नये."

"किती समाधानी आहे बघा हो," ती म्हणाली. "इथं होती तेव्हा माझा पदर सोडत नव्हती."

मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. एकच बघितलं, प्रत्येक पत्रात तिसऱ्या ओळीपाशी कागद खरवडून पातळ झालाय. पोरं खोडरबर फार घासतात. परत गेल्यावर हल्लीच्या बाईंना सांगायला हवं.


ऑक्टोबर २, बुधवार

लेकीला दोनदा फोन केला. उचलला नाही. मग मेसेज, "कामात आहे. शनिवारी बोलू." फोन हातात घेऊन बसायचं वय राहिलं का माझं? पण बसले होते, खोटं कशाला लिहू.


ऑक्टोबर ५, शनिवार

हात दाखवून अवलक्षण. याच्याहून वेगळं काय लिहू?

सभागृह छोटंसं होतं. ढापण्यानं खुर्च्या मांडल्या होत्या. मी आत गेले आणि सगळे उठून उभे राहिले, चाळिशी उलटलेली माणसं. मी नुसते नंबर पुकारले, कागद न बघता. तीन. सात. बारा. एकोणीस. ज्याचा तो 'हजर' म्हणत होता आणि प्रत्येक हजरला टाळ्या. एक्केचाळीसही मी पुकारला. दाराकडे बघत. कुणी हजर म्हटलं नाही, मी लगेच पुढचा घेतला.

मग पाकिटं वाटली. पहिली दोनेक मिनिटं हशा. "अगं माझं अक्षर बघ! कोंबडीचे पाय!" मी खूश. मग आवाज खाली खाली येत गेला. आधी मला कळलंच नाही. सात नंबरची मुलगी, तिथं मोठी वकील आहे, तिनं वाचलं, घडी घातली, पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. एकाच्या बायकोनं त्याच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "हे लाल रेघा मारून काय लिहिलंय?" तो म्हणाला, "काही नाही. कच्चं होतं." सर माझ्याकडे बघत होते. चमच्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

ढापण्या खिडकीशी होता, चष्मा काढून. मी जवळ गेले तर त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "आई, तुला दवाखान्यात ठेवलंय असं काका म्हणाला. खूप दुखतं का? मी येऊ का? मला रडू येतं पण मी दाखवत नाही." सगळ्यावर लाल काट. खाली माझं अक्षर. "आजारी माणसाला काळजीचं लिहू नये. पुन्हा लिही."

"बाई," तो म्हणाला, "पक्क्यात मी लिहिलं होतं, मी मजेत आहे, काल सामना जिंकलो. ती गेली तेव्हा तिच्या उशीखाली तेच सापडलं. बाबा मला म्हणाले, तुला तिचं काहीच वाटलं नाही का रे? पस्तीस वर्षं बाई. मला हे लिहिलेलं आठवतच नव्हतं. मला वाटायचं, मी तसाच होतो."

मला सांगायचं होतं खूप. तोंडातून आलं, "नियम होता रे."

"हो बाई. माहीत आहे मला," तो म्हणाला. आणि निघताना मला कोट घालायला त्यानंच मदत केली, बटणंही लावली.


ऑक्टोबर ६, रविवार

सकाळी सुतळी सोडली. चहा समोर ठेवला होता, गार झाला.

पाकिटात पुष्कळ पत्रं होती पण वरचंच वाचून मी थांबले. ती नऊ वर्षांची होती तेव्हाचं. इथे उतरवते, जसंच्या तसं.

"ती. आईस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तू खुशाल असशील. माझ्या खाटेवरून तुझी खिडकी दिसते. तू पडदा लावू नकोस. परवा मला ताप आला तेव्हा बाई आल्या होत्या. त्यांनी थरमामिटर लावला आणि गेल्या. मी तुझी वाट बघितली. तू का नाही आलीस? बाईंना विचारून एकदा ये."

खिडकीपासून खालचं सगळं खोडलेलं. 'थरमामिटर'ला लाल गोल. "थर्मामीटर. पाच वेळा लिही." मागच्या बाजूला तिनं पाच वेळा लिहिलंय. पाचही वेळा बरोबर.

रविवारचा नियम सगळ्यांना होता, मग तिनं कुणाला लिहायचं? तिला घरचं म्हणून मीच. ती मला पत्र लिहायची, मला तपासायला द्यायची, मी लाल करायचे, ती पक्कं करायची आणि ते पाकीट शिपाई माझ्या दाराखालून सरकवायचा. पक्कं मी वाचत असे का? नाही. कच्चं वाचलेलं असायचंच की.

आणखी एक लिहायचंय, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. जुने सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोर लहान आहे, बाप नुकताच गेलाय. दहा वर्षांची होईपर्यंत तुमच्या खोलीत झोपू द्या." मीच नको म्हटलं. मी म्हटलं, माझी म्हणून तिला झुकतं माप दिलं असं कुणी बोट दाखवायला नको. सर दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. त्याचा मला अभिमान होता. कालपर्यंत होता.

त्या तापाच्या वेळी मी तिच्या कपाळाला हात लावला होता का, हे सकाळपासून आठवून बघतेय. थर्मामीटर आठवतो.

मेसेज आला. "इकडे सर्व ठीक. तब्येत चांगली आहे. काम चांगलं चाललं आहे. काळजी नसावी. काल यायला जमलं नाही." मी बरंच लिहिलं आणि पुसलं. शेवटी पाठवलं, "मंगळवारी येते. अर्धा तास. नाही म्हणू नकोस."


ऑक्टोबर ८, मंगळवार

गेले. आत्ताच लिहून टाकते, नाहीतर उद्या मी त्यात दुरुस्त्या करीन.

चौथा मजला, लिफ्ट बंद. तिनं दार उघडलं. बारीक झालीय. केस कापलेत. "या बाई," म्हणाली. घर इतकं आवरलेलं की मला माझ्या तपासणीच्या शनिवारची आठवण झाली. चादरीचे कोपरे दुमडलेले. जोडे भिंतीला लावून, दोनच जोड, एक तिचा, एक छोटा.

"जावई कामावर?"

"दोन वर्षं झाली. तो वेगळा राहतो." दूध संपलंय हे सांगावं तशी म्हणाली. "मागच्या थंडीत माझं ऑपरेशन झालं, तेव्हा ढापण्याची बायको मुलीला घेऊन गेली होती तीन आठवडे. फार चांगली आहे ती."

"ऑपरेशन! कसलं? अगं, आणि मला कळवायचं नाही?"

"बाई, काळजीचं लिहायचं नसतं ना."

टोमणा असता तर मी परतवला असता. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. टोमणा नव्हता. ती खरंच मला नियमाची आठवण करून देत होती. परत आल्यावर मी फोनमध्ये मागे मागे जाऊन मागची थंडी काढली. एकही रविवार चुकलेला नाही. तब्येत चांगली आहे. तब्येत चांगली आहे. तब्येत चांगली आहे.

तेवढ्यात नात शाळेतून आली. दारातूनच "आई, आई, आई" करत, काही सांगायचं नसताना नुसतंच. मला पाहून थबकली.

"या आमच्या बाई," लेक म्हणाली.

"तुझ्या शाळेतल्या?"

"हो."

पोरीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आई म्हणते तुम्ही खूप कडक होता."

"होते."

"मुलं रडायची?"

"रडायची."

"मग तुम्ही काय करायचा?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. आत्ता कळतंय, ती थांबली होती, मी काय म्हणते ते बघायला. मी म्हणू शकले असते, बाळा, मी तुझी आजी. इकडे ये. दोन्ही हात रिकामे होते माझे. मी म्हटलं, "दप्तर जागेवर ठेव आधी."

ठेवलं तिनं. गुणी आहे.

मग लेक भांडी घासायला उभी राहिली तेव्हा पाकीट तिला दिलं. हात पुसून तिनं वरचं पत्र वाचलं. उलटं केलं, मागचं वाचलं. "पाचही बरोबर आहेत," म्हणाली. मग घडी घालून पाकिटात ठेवलं, सुतळी बांधली आणि माझ्या पिशवीत सरकवलं. "तुमच्याकडेच असू दे. तुम्हालाच लिहिली होती."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं. काय म्हणायचं तेही माहीत होतं, दोन दिवस घोकत होते. चुकलं माझं, तीन शब्द नाहीत, दोनच आहेत. मी म्हटलं, "तुझा नळ गळतोय. वॉशर गेलाय त्याचा."

"हो बाई. बदलते."

जिना उतरताना गुडघ्यानं दगा दिला. तिनं कोपराला धरलं आणि चारही मजले धरून ठेवलं. खाली पोचल्यावर मी कसंबसं म्हटलं, "रविवारचं... कच्चं पाठवलंस तरी चालेल यापुढे." तिनं कोपर सोडलं. रस्ता ओलांडायला लागले तेव्हा मागून म्हणाली, "सावकाश."

त्याला बाई जोडलेलं नव्हतं. एवढंच घेऊन आले.


ऑक्टोबर ९, बुधवार

उद्या निघायचं. मोकळे चार दिवस नकोत म्हणून तिकीट अलीकडे घेतलं.

जायच्या आधी त्या शिवणाऱ्या आईकडे एकटी गेले. फ्रिजवरचं एक पत्र काढायला सांगितलं. "खिडकीशी उजेडात धरा. तिसरी ओळ." खोडलेल्या पेन्सिलीचे वळ कागदावर राहतात, आम्हा बाईलोकांना माहीत असतं. तिनं धरलं. ओठ हलवत वाचलं. मग दुसरं काढलं. मग तिसरं. मशीन चालू राहिलं होतं, ते तिनं बंद केलं.

"दर वेळी हेच लिहिलंय हो," ती म्हणाली. "घेऊन जा, घेऊन जा."

"मग घेऊन या," मी म्हटलं.

"जमेल का मला एकटीला?"

"नाही जमणार. तरी आणा."

संध्याकाळी सरांना सांगितलं, पत्रं तपासणं आजपासून बंद करा. सर म्हणाले, "बाई, नियम तुमचाच आहे. आणि तुम्हीच पालकांना मुलं काढून न्यायला सांगताय? आपण इथे आलो कशाला?"

"मी कशाला आले ते मला माहीत होतं," मी म्हटलं. "तेही झालं नाही."

तसा वाईट माणूस नाही. त्यांनी पत्रांचं कबूल केलं.


ऑक्टोबर १३, रविवार

घरी. सकाळी अंघोळ करून फोन समोर ठेवून बसले होते. नेहमीची वेळ टळली. नऊ. साडेनऊ. वाटलं, संपलं, आता तेही यायचं नाही. मी मागितलंच का? होतं ते काय वाईट होतं, निदान रविवार तरी होता.

पावणेदहाला आला. "दोन दिवस ताप आहे. अंग फार दुखतंय."

बास. शेवटची ओळ शोधली. पुन्हा वाचला, पुन्हा शोधली. काळजी नसावी, हे नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा नव्हतं.

घाईघाईनं फोन लावताना दोनदा चुकीचं बटण दाबलं. तिनं उचलला. आवाज बसलेला.

"बाई?"

"नाही गं," मी म्हटलं. "आई आहे."

पलीकडून काहीच नाही. मला वाटलं कट झाला. मग श्वास ऐकू आला, आणि मग ती म्हणाली, "किती उशीर केलास."

मी रडले. मोठ्यानं, शेजारीण आली असती एवढ्यानं. तीही रडली. नळ गळतोय का, हेही मध्येच विचारलं मी, आणि ती रडतारडता हसली. ताप किती म्हटलं तर एकशे दोन. नात शेजारी बसून पाणी देतेय. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कशा ठेवायच्या ते मी नातीला फोनवर सांगितलं, तिनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" तिची आई म्हणाली, "सांग त्यांना, पट्टी ठेवली म्हणून. आजी आहे तुझी."

मग ती म्हणाली, "मला झोप लागेपर्यंत फोन ठेवू नकोस."

ठेवला नाही. टेबलावर चालू आहे, त्याच्याशेजारी बसून हे लिहितेय. ती झोपलीय बहुतेक, संथ श्वास ऐकू येतोय. पट्टी सुकली असेल आता, आणि पोर लहान आहे, विसरली असेल. एकदा कपाळाला हात लावून बघायला हवं, आणि तो इथून पोचत नाही.